एका हाताचा हिशेब

साल २००३. शेतकऱ्यांच्या घरची यादी भरायला मी माण नदीकाठच्या एका गावात गेलो होतो. ज्वारीची काढणी उरकत आली होती. खळ्यांवर कणसांचे ढीग लागले होते आणि गावात सकाळपासून मळणी यंत्राची घरघर चालू होती. माझ्या कागदावर घरातली माणसे किती, वय काय, कोण काय काम करते, असे रकाने होते. एका ओसरीवर थोरला भाऊ सांगत होता आणि मी लिहीत होतो. स्वतःचे, बायकोचे, म्हाताऱ्या आईचे, पोरांचे सांगून झाले. मग तो जरा थांबला.

"आनि एक धाकटा हाय माजा. पर त्याचं काय लिवू नगा साहेब. त्याचा हात गेला मळणी यंत्रात. त्यो काय करत न्हाई."

मी धाकट्याचे नाव लिहिले आणि कामाच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

त्या दिवशी शेवटची एसटी चुकली, म्हणून मला त्याच घरी मुक्काम करावा लागला. रात्री अकराच्या सुमाराला वीज आली. तसा धाकटा उठला, बॅटरी काखेत धरली आणि विहिरीकडे गेला. मोटार चालू करून, दारी मोडत तो दोन वाजेपर्यंत कडवळ भिजवीत होता. पहाटे पुन्हा त्याचीच चाहूल लागली. त्याने एका हाताने शेण काढले, वैरण टाकली. मग दोन गुडघ्यांत बादली आवळून दोन म्हशींच्या धारा काढल्या. कॅन घेऊन डेअरीवर गेला आणि आल्यावर डाव्या हाताने, पोराच्या अक्षरासारख्या मोठ्या अक्षरांत, लिटर नि फॅट वहीत मांडून ठेवली. त्याच दुधाचा चहा पिऊन मी सकाळच्या गाडीने तालुक्याला आलो. यादी साहेबांपुढे ठेवली. रकान्यातली रेघ तशीच होती. ती खोडावी असे मला तेव्हा सुचलेसुद्धा नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज या गोष्टीला वीस वर्षे उलटून गेली. माझ्या नोकरीचे आता थोडेच दिवस उरले आहेत. या काळात बियाणे, खते, ठिबक यांवर मी पुष्कळ बोललो. पण गावोगावच्या ओसऱ्यांवर हात, पाय, डोळा किंवा कान गमावलेली जी कामाच्या वयाची माणसे आहेत, त्यांच्याविषयी मी फारसे काही बोललो नाही. ते आज बोलणार आहे.

आधी मोजदादीची गोष्ट. २०११ सालच्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. (सरकारी कागदावर आता दिव्यांग म्हणतात. शब्द चांगला आहे. मात्र गावात अजून 'थोटा', 'लंगडा' अशाच हाका ऐकू येतात, त्या थांबल्या तर जास्त बरे.) यातले सुमारे ६९ टक्के लोक खेड्यांत राहणारे. लहान-थोर सगळे धरून त्यांतले ३६ टक्के काम करणारे म्हणून लागले. पुरुषांत हा आकडा ४७ टक्के, तर बायकांत अवघा २३ टक्के. आणि जे काम करणारे ठरले, त्यांतले निम्म्याहून अधिक एक तर स्वतःची शेती करणारे किंवा शेतमजूर. म्हणजे हा प्रश्न शहरातल्या कचेऱ्यांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आपल्या बांधावरचा आहे.

आता हे पाहा. जनगणनेच्या नियमाने, घरच्या शेतावर बिनमजुरीने राबणाराही काम करणाराच असतो. इतकेच नव्हे, नुसत्या घरच्या वापरापुरते दूध काढले तरी ते काम धरले जाते. या हिशेबाने आमचा धाकटा दोन-तीनदा कामकरी ठरला असता. पण मोजणारा दारात येतो तेव्हा उत्तर देतो कोण? घरचा कर्ता. आणि तो म्हणतो, "काय करत न्हाई." बायकांच्या बाबतीत तर असे सहज घडते. एका पायाने अधू असलेली सून भाकरी थापते, शेळ्या राखते, भुईमुगाच्या शेंगा तोडते, बियाणे निवडते. तिच्या नावापुढे मात्र 'घरीच असते'. २३ टक्क्यांच्या त्या आकड्यात अशा किती जणी बुडाल्या असतील, याचा विचार ज्याने त्याने आपल्याच आळीत करून पाहावा. २०२१ सालची जनगणना कोरोनामुळे लांबली आणि पुढे ती २०२७ सालासाठी जाहीर झाली. मोजणारा आला की घरातल्या अशा माणसाला पुढे बसवा आणि त्याचे त्याला सांगू द्या.

तुम्ही म्हणाल, कागदावर नाव लागले काय नि न लागले काय, भाकरी तर मिळतेच ना? मलाही तसेच वाटायचे. पण त्या घरी पुढे काय झाले ते ऐका.

त्याचा हात गेला तो २००१ च्या सुगीत. यंत्र भाड्याचे होते आणि पेंढी आत सारायचा पत्र्याचा पन्हाळ आखूड, वरून उघडा. संध्याकाळची वेळ, माणसे दमलेली, उद्या यंत्र दुसऱ्याच्या खळ्यावर जायचे म्हणून घाई. ओलसर पेंढी अडकली, ती हाताने ढकलायला गेला आणि मनगटापर्यंत उजवा हात आत ओढला गेला. हे टाळता येत होते. मळणी यंत्रांनी हातपाय जाऊ लागले म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला, तो मुख्यत्वे मळणी यंत्रांसाठीच. पेंढी सारायचा पन्हाळ निदान ९० सेंटिमीटर लांब हवा आणि त्याचा यंत्राकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. म्हणजे हात कितीही पुढे गेला तरी दात्यांपर्यंत पोचत नाही. यंत्र भाड्याने घेताना मोजपट्टी लावून बघा. पन्हाळ आखूड असेल तर पत्रा जोडून घ्यायला गावातल्या वेल्डरला अर्धा दिवसही लागत नाही. पेंढी अडकली तर आधी यंत्र बंद, मग हात. सैल बाही, उपरणे, पदर, हातातले कडे यंत्राजवळ नको. आणि दारू पिऊन त्या पन्हाळाशी कोणी उभा राहिला तर त्याला तिथून हाकलायला पाहुणा-रावळा बघू नका. कडबा कुट्टीच्या यंत्रालाही हेच लागू आहे. तिथे तर लहान पोरे पेंढी लावताना मी पाहिली आहेत.

धाकट्याला सरकारी मदत काही मिळाली नाही. आज तसे नाही. २०२३ सालापासून राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना लागू झाली. तिच्यात एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख, दोन अवयव गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख रुपये. वय १० ते ७५. सात-बाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि सात-बाऱ्यावर नाव नसलेली त्याच्या घरातली एक व्यक्ती, अशा दोघांना ती लागू आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि तो ३० दिवसांच्या आत. सुतक-दवाखाना यात दिवस निघून जातात, तेव्हा एका शहाण्या नातेवाइकाने लगेच या कामाला लागावे. एक मात्र मनात सलते. पन्हाळाशी उभा असतो तो पुष्कळदा भूमिहीन मजूर. त्याच्या नावावर सात-बारा नाही, म्हणून या योजनेत तो बसत नाही. त्याचा हात काय कमी मोलाचा असतो?

असो. हात गेल्यावर सहा महिने धाकटा ओसरीवर बसून होता. माझ्या अनुभवात ही वेळ फार नाजूक असते. याच दिवसांत घर ठरवून टाकते, की हा आता बसून खाणार. माया असते म्हणूनच ठरवते, हेही खरे. त्या घरी म्हातारी आई निराळी निघाली. तिने एके दिवशी रडणे थांबवून त्याच्यापुढे विळी मांडली आणि वांगी चिरायला बसवले. विळी पायाखाली दाबली की चिरायला एक हात पुरतो. त्याची बायको हसली, मग तोही हसला. वांग्यांवरून शेणघाणीवर, तिथून धारांवर यायला त्याला वर्ष लागले. मोटारीची पेटी त्याने वायरमनकडून छातीच्या उंचीवर बसवून घेतली. गोठ्यात पाण्याची तोटी आणली, म्हणजे बादल्या वाहायला नकोत. खोऱ्याच्या दांड्याला मधोमध कातडी पट्टा लावून उजव्या कोपराजवळ अडकवायची युक्ती गावच्या चांभाराने काढली. या कशालाच फार पैसा लागला नाही.

पण दूधपुस्तक थोरल्याच्या नावावर होते. दहा दिवसांनी पगार व्हायचा, तो थोरला घ्यायचा. धाकट्याच्या बायकोला पोरीच्या वहीला दहा रुपये लागले तर जावेपुढे पदर पसरावा लागे. आणि २००९ साली वाटणीची बोलणी निघाली तेव्हा चार शहाणी माणसे बसून म्हणाली, "याला जमीन घिऊन काय करायची? एका हातानं औत धरनार हाय का? थोरल्यानं त्याला जन्मभर संबाळावं, त्यानं हक्कसोड लिवून द्यावी." यात कोणी लबाड नव्हते, हे मला सांगितले पाहिजे. थोरलाही नव्हता. 'तो काही करत नाही' हे वाक्य आठ वर्षे घरात फिरत होते, ते असे शेवटी सात-बाऱ्यावर येऊन टेकले. आणि तेच वाक्य मीही एकदा सरकारी कागदावर रेघ मारून पक्के केले होते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या २८ व्या कलमात रोग, व्यंग किंवा शारीरिक दोष यांमुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही असे लिहिले आहे. एक हात असो की दोन्ही डोळे नसोत, हिस्सा तेवढाच. औत धरता येत नसेल तर जमीन वाट्याने देता येते, बैल-ट्रॅक्टर भाड्याने घेता येतो. दोन हात धड असलेले कितीतरी जमीनदार तेच करतात, त्यांना कोणी हक्कसोड मागत नाही.

मी त्या सुमाराला पुन्हा त्या भागात होतो. म्हातारीने निरोप पाठवला म्हणून गेलो. मला जमिनीच्या भानगडीत पडायचे नव्हते, तो माझा विषयही नव्हे. मी फक्त धाकट्याच्या वह्या मागवल्या. सहा वर्षांच्या वह्या, एकही दिवस सुटलेला नाही. त्या चौघांसमोर मी आणि धाकट्याने दुधाची बेरीज केली. त्यातून पेंड, भुसा, डॉक्टर वजा केले. बेरीज वाचून दाखवताना थोरल्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "एवढं व्हतं व्हय रं?" हक्कसोडीचा कागद त्या दिवशी लिहिला गेला नाही, पुढेही नाही. दूधपुस्तकाचे नाव मात्र त्याच आठवड्यात बदलले.

अपंग माणसाने शेती करायची ही काही नवलाची गोष्ट नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमटे यांनी आनंदवन सुरू केले, ते मूठभर कुष्ठरोग्यांना घेऊन, खडकाळ झुडपी जमिनीवर. बोटे झडलेल्या हातांनी तिथे विहिरी खणल्या गेल्या, धान्य-भाजीपाला पिकला. तिकडे जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून १९६८ च्या सुमारास रबरी पाय घडवला. त्याआधीचे विलायती पाय बुटात घालायचे. ते घालून ना मांडी घालता येई, ना उकिडवे बसता येई, ना चिखलात उतरता येई. आपला माणूस अनवाणी चालतो, जमिनीवर बसतो, भाताच्या खाचरात उभा राहतो, हे पाहून हा पाय केला. पाय गेलेल्याने तो जरूर बसवून घ्यावा. हाताला अजून तेवढा सोपा नि स्वस्त तोडगा नाही, तिथे विळीसारख्या घरच्या युक्त्याच जास्त चालतात.

कागदांचे थोडक्यात. सरकारी दवाखान्यातून ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला आणि त्याबरोबरचे ओळखपत्र काढून ठेवा. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारचे अपंगत्व मानले आहे, त्यामुळे पूर्वी 'बसत नाही' म्हणून परत पाठवलेल्यांनी पुन्हा चौकशी करावी. त्याच कायद्यात गरिबी हटवण्याच्या योजनांत आणि शेतजमीन वाटपात ५ टक्के वाटा ठेवला आहे, त्यात बायकांना आधी मान. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के यासाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा, कशावर खर्च झाले? पुष्कळ ठिकाणी वर्षअखेरीला भांडी किंवा घोंगडी वाटून मोकळे होतात. तेवढ्या पैशात एखाद्याला दोन शेळ्या येतात.

मागच्या माघात त्या गावी पुन्हा जाणे झाले. धाकटा आता पन्नाशीकडे आला आहे. म्हशी पाच झाल्या, पोरगी नर्सिंगला आहे. आई गेली. नवे कडबा कुट्टी यंत्र घेतले म्हणून त्याने मला दाखवायला गोठ्यात नेले. लांब पन्हाळ, वर जाळी, सगळे नीट. मी कौतुकाने आत वाकून बघू लागलो, तसा तो ओरडला, "साहेब, थांबा!" आणि भिंतीपाशी जाऊन त्याने आधी पेटीचा खटका पाडला.

"आता बघा," म्हणाला.