ट्यूब बंद करा, टीव्ही लावायचाय

2009 च्या दसऱ्यापासून आमच्या पुण्याच्या घरात रोज रात्री साडेआठला एक वाक्य ठरलेलं असायचं. "ट्यूब बंद करा, टीव्ही लावायचाय." अंधारात टीव्ही बघू नये, डोळे जातात, असं आम्हाला लहानपणी दटावणारी आईच आता उठून बटण दाबायची. भिंतीवर 42 इंची प्लाझ्मा आला होता. समोरची ट्यूब चालू राहिली की ती त्याच्या काचेत लख्ख उमटायची. सिनेमात भुताची विहीर आली की विहिरीच्या बरोबर तोंडाशी आमची ट्यूब आडवी तरंगायची आणि भुताची सगळी पत जायची.

गंमत अशी की जिच्यासाठी ही ट्यूब बंद करायची, ती वस्तू मुळात ट्यूबचीच बनलेली होती. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, ते नळीच्या आतल्या पांढऱ्या लेपावर आदळतात आणि लेप उजळतो. प्लाझ्मात पारा नाही, निऑन आणि झेनॉन हे वायू आहेत. बाकी कारभार तोच. दोन काचांच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक खोल्या, त्यांत वायू कोंडलेला, आणि आतून लाल, हिरवा किंवा निळा लेप. आमच्या टीव्हीत आडवे 1024 आणि उभे 768 ठिपके होते, म्हणजे एकूण 7,86,432. प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांच्या तीन खोल्या धरल्या तर आकडा होतो 23,59,296. घरातली एक ट्यूब बंद करून आम्ही भिंतीवरच्या साडेतेवीस लाख ट्यूब लावत होतो.

या खोलीला मंद पेटणं ठाऊक नसतं. ती एक तर पेटते, नाही तर विझते. मग फिकट गुलाबी आणि गडद गुलाबी वेगळे कसे दाखवायचे? एकाच चित्राच्या अवधीचे आठ-दहा तुकडे करायचे आणि कुठली खोली किती तुकड्यांत किती वेळा चमकवायची ते ठरवायचं. बेरीज आपला डोळा करतो. खोक्यावर ठळक छापलेले '600 हर्ट्झ' त्यातूनच आलेले: सेकंदाला 60 चित्रं, प्रत्येकाचे 10 तुकडे. आम्ही टीव्ही हप्त्यांवर घेतला होता. तोही आम्हाला उजेड हप्त्याहप्त्यानेच देत होता.

शाळेसाठी जन्मलेला पडदा

हा पडदा मालिका बघण्यासाठी जन्मला नव्हता. 1964 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना इथल्या आवारात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तो शोधला. तिथे संगणकावरून धडे देणारी 'प्लेटो' नावाची यंत्रणा उभी राहत होती आणि तिला पडदे हवे होते. काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र टिकवायचं तर ते सतत पुन्हापुन्हा काढत राहावं लागतं. त्यासाठी ते कुठेतरी साठवावं लागतं, आणि त्या काळात संगणकाची स्मृती सोन्याच्या भावाने मिळत होती. वायूच्या खोलीने हा प्रश्न सोडवला. एकदा पेटवलेली खोली आतल्या भिंतीवर थोडा विद्युतभार धरून ठेवते, त्यामुळे पुढच्या हलक्या धक्क्यानेही ती पुन्हा पेटते. आपण पेटलेले आहोत हे तिचं तिलाच आठवतं. 'प्लेटो'च्या 1970 च्या दशकातल्या पडद्यांवर 512 बाय 512 ठिपके होते आणि सगळं काही निऑनच्या नारिंगी रंगात दिसायचं. 1980 च्या दशकात काही लॅपटॉपना असाच नारिंगी पडदा होता.

रंग यायला मात्र तीन दशकं जावी लागली. 1992 मध्ये जपानच्या फुजित्सूने 21 इंची रंगीत पडदा आणला. बिट्झर यांचे विद्यार्थी लॅरी वेबर यांनी 'प्लाझ्माको' ही कंपनी उभी केली होती. ती 1996 मध्ये मात्सुशिताने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, विकत घेतली. 1997 मध्ये फिलिप्सचा 42 इंची प्लाझ्मा अमेरिकेत दुकानात आला तेव्हा त्याची किंमत होती जवळपास 15 हजार डॉलर. त्या वेळच्या दराने पाच लाख रुपयांच्या वर. भिंतीवर चित्रासारखा टांगता येणारा टीव्ही ही तेव्हा बघून यायची वस्तू होती. बारा वर्षांनी तो आमच्यासारख्यांच्या हप्त्यांत बसू लागला.

आमचं स्वयंपाकघर इकडे येतं

दुकानात माणूस टीव्ही बघतो. घरी आल्यावर तो टीव्हीवर काहीतरी बघतो. प्लाझ्मा हरला तो या दोन बघण्यांमधल्या फरकामुळे, असं माझं मत आहे.

शोरूममध्ये छताला ट्यूबच्या रांगा, भिंतीला टीव्हीच्या रांगा, आणि प्रत्येक पडद्यावर तेच समुद्रातले मासे. एलसीडीच्या मागे सतत पेटलेला दिवा असतो, पुढे ठिपक्याठिपक्याला झडप. त्यामुळे भर उजेडातही तो डोळ्यांत भरतो. प्लाझ्मा मात्र पडदा जितका पांढरा, तितका स्वतःला आवरतो. एकदम सगळ्या खोल्या पेटवल्या तर वीज आणि उष्णता आवाक्याबाहेर जाते, म्हणून तो आपणहून मंद होतो. शेजारी ठेवले की प्लाझ्मा आजारी वाटायचा.

"काका, एलसीडी घ्या. किती ब्राइट आहे बघा," विक्रेता म्हणाला.

बाबांनी मान डोलावली आणि ते चालायला लागले. एकेका टीव्हीपासून बाजूला सरकत पार भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

"काका, समोरून बघा ना. तिथून काय दिसणार?"

"आमचं स्वयंपाकघर इकडे येतं," बाबा म्हणाले. "हिला तिथनंच दिसायला हवं."

त्या वेळच्या बऱ्याच एलसीडींवर कोपऱ्यातून बघितलं की माणसांचे चेहरे पिठूळ दिसत आणि काळा रंग राखाडी होई. प्लाझ्मा समोरून जसा, तसाच कडेने, कारण त्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो. घरात कोणी सोफ्यावर, कोणी सतरंजीवर, आजी खिडकीजवळच्या पलंगावर आणि आई स्वयंपाकघराच्या दारात. एकाच खुर्चीतून टीव्ही बघणाऱ्याला ही गोष्ट गौण वाटेल. आमच्याकडे ती निर्णायक ठरली. वेगाने जाणारा चेंडू मागे शेपूट सोडत नाही, हा बोनस.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट माहीत नव्हती. पायोनियर या जपानी कंपनीचा 'कुरो' हा प्लाझ्मा जाणकारांमध्ये सर्वोत्तम मानला जाई. कुरो म्हणजे जपानीत काळा. त्याची सगळी कीर्ती काळ्या रंगाच्या खोलीवर होती. आम्ही दुकानात उभे होतो तेव्हा पायोनियरने टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर करून सात महिने झाले होते.

फताडे चेहरे आणि जुनं नाव

घरी आल्यावर पहिला अडसर निघाला सुताराने केलेल्या भिंतभर शोकेसचा. तिचा मधला खण 21 इंची डब्बा टीव्हीच्या मापाने कायमचा ठोकलेला. नवा टीव्ही खोलीला चार बोटं, पण रुंदीला तीन फूट आणि वजनाला असा की दोन माणसं लागली. ती दोघं त्याला उभाच धरून जिना चढली. आडवा झोपवला तर मोठी काच स्वतःच्या भाराने लवते आणि दगा देऊ शकते. शोकेस गेली. तिच्यातल्या बाहुल्या आणि ट्रॉफ्या माळ्यावर गेल्या.

दुसरा अडसर प्रक्षेपणाचा. पडदा रुंद, 16 बाय 9; वाहिन्या जुन्या मापाच्या, 4 बाय 3. भारतात हाय डेफिनिशन प्रक्षेपणाची ठळक सुरुवात दूरदर्शनने ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केली. तोवर केबलवरून येणाऱ्या 576 ओळींचं चित्र टीव्ही आपल्या 768 ओळींत ताणून भरायचा. मूळ मापात ठेवावं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. बाबांचं म्हणणं, पैसे आपण पूर्ण पडद्याचे दिलेत. म्हणून चित्र आडवं खेचलं गेलं आणि पुढची तीन-चार वर्षं मराठी मालिकांमधल्या सगळ्या सुना आम्ही फताड्या चेहऱ्याने बघितल्या.

त्या हट्टाला एक शास्त्रीय आधारही होता, बाबांना तो ठाऊक नसला तरी. खोल्यांमधला लेप वापराने हळूहळू थकतो. पट्ट्या ठेवून वर्षानुवर्षं बघितलं तर मधला भाग थकतो आणि कडा ताज्या राहतात. तीच गत कोपऱ्यातल्या बोधचिन्हाची आणि तळाच्या बातमीपट्टीची. एका जागी सतत उजळणाऱ्या खोल्या इतरांहून आधी म्हाताऱ्या होतात आणि तिथे भुतासारखी सावली उरते. काही सावल्या तास-दोन तासांत जातात, काही जात नाहीत. म्हणून नव्या प्लाझ्माला पहिले शे-दोनशे तास जपून वापरा, झगमगाट कमी ठेवा, असं जाणकार सांगत. टीव्हीत चित्र गुपचूप एक-दोन ठिपके सरकवत राहण्याची सोयही असे.

आजी दिवसभर बातम्या लावून ठेवायची. जून 2012 मध्ये 'स्टार माझा'चं 'एबीपी माझा' झालं. वाहिनीने नाव बदललं, आमच्या टीव्हीला मात्र ते मान्य नव्हतं. क्रिकेटचं हिरवं मैदान लागलं की कोपऱ्यात जुनं नाव अंधुक तरंगायचं. आठवण ठेवण्यासाठी जन्मलेल्या पडद्याला आठवण विसरता येईना. पेटलेली खोली लक्षात ठेवणारा तो विद्युतभार वेगळा आणि लेपाचं हे म्हातारपण वेगळं. पण घरात असा भेद कोण करतो? आजी म्हणायची, "त्यालाही सवय लागलीय."

बाकीच्या खोडी किरकोळ. पांढरा पडदा आला की बारीक गुणगुण ऐकू यायची. पाठ गरम व्हायची. जानेवारीत ते सुखाचं, मेमध्ये नकोसं. रोज पाच तास आणि सरासरी 200 वॅट धरले तर दिवसाला एक युनिट, म्हणजे आजच्या तेवढ्याच एलईडीच्या दुपटीहून जास्त. डोंगरावर राहणाऱ्याला आणखी एक काळजी: बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की बंद काचेतल्या वायूचा समतोल ढळतो आणि पडदा मोठ्याने घोंघावतो. साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरला हा त्रास नाही. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला आहे.

हरण्याची कारणं

प्लाझ्माची खोली फार लहान करता येत नाही. केली तर तिचा उजेड पडतो. म्हणून मोबाइलचा, लॅपटॉपचा, छोट्या टीव्हीचा पडदा प्लाझ्माचा कधी सर्रास झाला नाही. एलसीडी घड्याळापासून भिंतीपर्यंत सगळीकडे गेला, त्याचे कारखाने वाढत गेले, किमती उतरत गेल्या. मग मागचा दिवा एलईडीचा झाला आणि दुकानदारांना 'एलईडी टीव्ही' हे नवं नाव मिळालं. 4के आल्यावर तेवढ्याच काचेत चौपट ठिपके बसवायची वेळ आली, आणि तिथे प्लाझ्माचा दम संपला.

2008 मध्ये 150 इंची प्लाझ्मा मांडणाऱ्या पॅनासॉनिकने 2013 च्या ऑक्टोबरात उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीही थांबले. त्याच 2013 मध्ये आपल्याकडे आणखी एक दार बंद झालं. तोवर दुबई किंवा बँकॉकहून येणारा नातेवाईक 35 हजार रुपयांच्या सवलतीत सपाट टीव्ही बसवून आणायचा. 26 ऑगस्टपासून त्यावर 36.05 टक्के शुल्क लागू झालं आणि विमानतळाच्या पट्ट्यावर फिरणारी ती चपटी खोकी दिसेनाशी झाली.

कंपन्या जाहिरातीत एक लाख तासांचं आयुष्य सांगत. रोज आठ तास धरले तर 34 वर्षं. हिशेब पडद्याचा होता; मागच्या बोर्डांचा कोणी सांगितला नव्हता. 2016 मध्ये एका रात्री आवाज राहिला आणि चित्र गेलं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात एका कारागिराकडे चौकशी केली. त्याने न बघताच सांगितलं, "वाय-सस गेला असणार." खोल्यांना सेकंदाला हजारो धक्के देणारा हा बोर्ड सगळ्यात जास्त राबतो आणि सगळ्यात आधी तापतो. नवा मिळत नव्हता. त्याच्याकडे काच फुटलेल्या एका प्लाझ्माचा होता, तो त्याने बसवला. कुणाच्या तरी घरातल्या अपघातावर आमचा टीव्ही आणखी पाच वर्षं जगला.

2021 मध्ये तो कायमचा गेला तेव्हा भंगारवाल्याने त्याला उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. "काचच काच आहे. याचं काय करू?" शेवटी आम्ही तो ई-कचरा गोळा करणाऱ्यांना दिला. उभाच धरून जिना उतरवला, सवयीने.

मग पुन्हा शोरूम, पुन्हा छताला ट्यूब आणि पडद्यांवर मासे. या वेळी आई सोबत होती. गुडघ्यांमुळे ती आता स्वयंपाकघरात फार उभी राहत नाही. पोळ्या बाबा करतात आणि त्यांच्या आकारावर कोणी बोलायचं नाही असा घरात नियम आहे. ती एका ओएलईडीसमोर स्टुलावर बसली. मागे दिवा नसलेला, ठिपक्याठिपक्याने स्वतः पेटणारा हा पडदा. प्लाझ्माचे गुण घेऊन आलेला, आणि सावली उरण्याची खोडसुद्धा. किमतीत दोन-तीन साधे एलईडी आले असते.

"काकू, शेजारचा बघा, जास्त ब्राइट आहे," विक्रेता म्हणाला.

"असेल. ट्यूब बंद करून दाखवता का?"

तो हसला. पण दुपारची वेळ होती, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्याने त्या भागाचं बटण बंद केलं. शेजारच्या पडद्यांवरचा खोल समुद्र धुरकट राखाडी झाला. आईच्या समोरचा काळाच राहिला.

तिने मागे वळून हाक मारली, "अहो, तुम्हाला दिसतंय का?"

बाबा आधीच कोपऱ्यात जाऊन उभे होते.