मसूर ते लुंबिनी : मुक्कामाचा हक्क

सुट्ट्या तोंडावर आल्या की सहल कंपन्यांच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पाने भरून जातात. बँकॉक, बाली, सिंगापूर, कोलंबो. चार रात्री, पाच दिवस, नाश्ता मोफत! आपल्या समाजातील नोकरदार कुटुंबेही आता या सहलींना जाऊ लागली आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. ज्यांच्या आजोबांनी तालुक्यापलीकडचे गाव पाहिले नव्हते, त्यांची नातवंडे विमानात बसतात, हे बाबासाहेबांच्या कष्टांचे फळ आहे. पण कुठे जायचे एवढाच प्रवासाचा प्रश्न असतो काय? रात्री अंग कुठे टाकायचे आणि पाणी कुणाकडे मागायचे, हा प्रश्न इतरांसाठी पैशाचा असेल. आपल्यासाठी तो शेकडो वर्षे जातीचा प्रश्न होता. त्याची सर्वांत बोलकी साक्ष आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी, १९०१ च्या उन्हाळी सुट्टीत, ते थोरला भाऊ आणि बहिणीच्या मुलांसह वडिलांकडे निघाले. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. अंगात नवे सदरे, डोक्यावर नव्या टोप्या, पायात नवे बूट. आगगाडीचा पहिलाच प्रवास! मुले मसूर स्थानकावर उतरली, पण घ्यायला कोणी आले नाही. आगाऊ पाठवलेले पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. 'आम्ही महार' हे शब्द ऐकताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही या अटीवर की बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. जवळ शिदोरी होती, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. नऊ वर्षांच्या भीमरावांनी ती रात्र नाक्याजवळ सोडलेल्या गाडीत उपाशीपोटी काढली.

पुढे १९१७ मध्ये अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या डॉक्टर आंबेडकरांना बडोदे शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात पारशी नावाने राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या टोळक्याने त्यांना बाहेर काढले. न्यूयॉर्कमध्ये खोली मिळते, लंडनमध्ये मिळते, बडोद्यात मिळत नाही! या आठवणींना बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे नाव दिले ते उगीच नव्हे. व्हिसा म्हणजे परक्या देशात पाऊल ठेवण्याची परवानगी. बाबासाहेब ती स्वतःच्याच देशात मागत उभे होते.

ही भूमी अशी नव्हती

'पूर्वापार असेच चालत आले आहे,' असे सांगणाऱ्यांना आमचे उत्तर दगडावर कोरलेले आहे. सम्राट अशोकाचा सातवा स्तंभलेख आज दिल्लीत फिरोजशहा कोटल्यात उभा आहे. रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया लावल्या, ठराविक अंतरावर विहिरी खोदल्या, विश्रांतीच्या जागा बांधल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठी पाणपोया घातल्या, असे त्यात सम्राटाने नोंदवले आहे. आपल्या नाशिकच्या बौद्ध लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, नाशिकचा परिसर आणि सोपारा, येथे चौसोपी विश्रामगृहे बांधल्याची नोंद त्यात आहे.

कराडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. मध्य प्रदेशातील भारहूतच्या स्तूपाच्या दगडी कठड्यावर 'करहकट' नगरीच्या दानाचा लेख आहे, आणि अभ्यासकांनी करहकट म्हणजे कराड अशी ओळख पटवली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कृष्णा-कोयनेच्या संगमावरील माणसांचे दान तिकडे पोहोचत होते. त्याच कराडपासून हाकेच्या अंतरावरील मसूरला १९०१ मध्ये चार मुलांना पाणी मिळाले नाही. मधल्या काळात या भूमीवर काय लादले गेले, हे आणखी कोणी सांगायला हवे काय?

बाबासाहेबांच्या वाटेने आशिया

जे इथे मोडले गेले, ते आशियाच्या बौद्ध देशांत टिकून राहिले. श्रीलंकेत वाटेवरच्या निवाऱ्याला अंबलम म्हणतात, ब्रह्मदेशात झयात, थायलंडमध्ये साला, नेपाळात पाटी. शब्द वेगळे, कल्पना एकच : वाटसरूला छप्पर देणे हे पुण्यकर्म. म्हणून आशिया पाहायचाच असेल, तर आमच्या मते तो बाबासाहेबांच्या वाटेने पाहावा.

१९५० मध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले. कँडीचे दंतधातू मंदिर आणि अनुराधपूरचा, संघमित्रेने नेलेल्या फांदीपासून वाढलेला बोधिवृक्ष ही तिथली मोठी स्थळे. पण डोळे उघडे ठेवून जावे. ज्या सियाम निकायाकडे कँडीच्या मंदिराची सेवा आहे, त्याने उपसंपदेचे दार गोविगम या वरच्या जातीपुरते राखले. ज्यांना ते बंद होते त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशातून उपसंपदा आणून अमरपूर निकाय उभा केला. बौद्ध देश म्हटला की जात संपली, असे समजण्याचे कारण नाही. बाबासाहेबही तेथे धम्म कितपत जिवंत आहे, हे तपासायलाच गेले होते. डिसेंबर १९५४ मध्ये ते रंगूनच्या परिषदेला गेले. २०२१ च्या लष्करी उठावानंतर ब्रह्मदेशात सुरक्षितता राहिलेली नाही. तिकडचा बेत तूर्त लांबणीवर टाकलेला बरा.

नोव्हेंबर १९५६ मध्ये, दीक्षेनंतर महिन्याभरात, ते काठमांडूच्या परिषदेला गेले आणि परतताना त्यांनी सारनाथ व कुशीनगर पाहिले. सर्वसामान्य कुटुंबाला परवडेल असा मार्ग हाच. गोरखपूर मध्यवर्ती धरावे. तेथून कुशीनगर सुमारे ५० किलोमीटर. दुसऱ्या बाजूला सोनौलीची सीमा ओलांडली की लुंबिनी. नेपाळला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे. लुंबिनीचा आराखडा १९७८ मध्ये जपानचे वास्तुरचनाकार केन्झो टांगे यांनी पूर्ण केला. मधल्या कालव्याच्या पूर्वेस थेरवादी देशांचे विहार आहेत, पश्चिमेस महायानी देशांचे. एका दिवसाच्या चालण्यात सगळा बौद्ध आशिया भेटतो. कुशीनगरला गेल्यावर ब्रह्मी विहारात जरूर जावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी कुशीनगरचेच निवासी. ब्रह्मदेशात जन्मलेल्या या भिक्खूने आयुष्य इथे घालवले, म्हणून आपल्याला दीक्षा मिळाली. कोणत्याही तारांकित हॉटेलपेक्षा अशा वास्तूच्या सावलीत काढलेली रात्र मोलाची.

बोधगयेत थायलंड, जपान, भूतान, ब्रह्मदेश, श्रीलंका अशा अनेक देशांचे विहार आहेत आणि त्यांतील काहींत यात्रेकरूंची सोय होते. आधी पत्र किंवा फोन करून जावे. विहार म्हणजे लॉज नव्हे. पंचशील पाळावे, वेळ पाळावी, निघताना ऐपतीप्रमाणे दान द्यावे. आणि एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत १९४९ च्या कायद्याने चार बौद्ध आणि चार हिंदू सभासद ठेवले असून अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले आहे. हा कायदा बदलावा म्हणून २०२५ मध्येही भिक्खूंना धरणे धरावे लागले. जगभरच्या बौद्धांना बोधगयेत मुक्काम मिळतो, मालकी मात्र नाही!

कायदा खिशात ठेवा

मुक्कामाचा हक्क कोणी दयेपोटी दिलेला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मंजूर करून घेतलेल्या ठरावात पाणवठे आणि शाळांबरोबर धर्मशाळांचाही स्पष्ट उल्लेख होता. महाड आपल्या लक्षात राहिले, धर्मशाळा विस्मरणात गेल्या. पंढरीच्या वाटेवर आपल्या माणसांचे हाल पाहून गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

संविधानाच्या कलम १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून मज्जाव करण्यास बंदी घातली. १ जून १९५५ पासून लागू झालेला अस्पृश्यता अपराध कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्याचे कलम ४ प्रत्येकाने वाचावे. हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना नाकारणे हा गुन्हा आहे. कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यास आडकाठी करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. कलम १२ तर आणखी महत्त्वाचे : पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेतूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते; तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत स्थान मिळाल्यामुळे हे संरक्षण आपल्यालाही आहे. अमेरिकेत काळ्या प्रवाशांना कोणत्या गावात कोण खोली देईल, हे सांगणारे 'ग्रीन बुक' १९३६ पासून निघत होते. तिथे नागरी हक्क कायदा १९६४ मध्ये आला. आपला त्याच्या नऊ वर्षे आधीचा. कागदावर आपण पुढे आहोत!

प्रत्यक्षात काय? काही वर्षांपूर्वी आम्ही पंधरा-वीस जण सहलीला निघालो होतो. वाटेतल्या एका लॉजने फोनवर खोल्या रिकाम्या असल्याचे सांगितले. नोंदवहीत आमची आडनावे उतरली आणि खोल्या एकाएकी भरल्या! आम्ही आवाज चढवला नाही. कलम ४ तेवढे वाचून दाखवले. पाच मिनिटांत खोल्या पुन्हा रिकाम्या झाल्या. पण ज्याला कलम ठाऊक नाही, त्याने काय करायचे? पुण्या-मुंबईत खोली शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना आजही आधी आडनाव विचारतात, भाडे नंतर सांगतात.

आपल्या विहारांचे काय?

आता थोडे स्वतःकडे पाहू. गावोगाव आपण विहार उभे केले. कित्येक ठिकाणी ते वंदनेनंतर कुलूपबंद असतात. मिरजेच्या रुग्णालयांत कर्नाटकातून, कोकणातून, जतसारख्या दुष्काळी तालुक्यातून रुग्ण येतात आणि त्यांचे नातेवाईक पायऱ्यांवर रात्र काढतात. परीक्षेला, मुलाखतीला आलेली पोरे एस.टी. स्टँडवर झोपतात. सांगली-साताऱ्यातील प्रत्येक मोठ्या विहाराने दोन खोल्या, चार चटया आणि पिण्याचे पाणी वाटसरूंसाठी ठेवले, तर काय बिघडणार आहे? आणि आलेल्याला जात विचारायची नाही, कोणत्याही जातीच्या माणसाला विचारायची नाही. अशोकाच्या विश्रांतीस्थळांचा आणि ब्रह्मी झयातचा वारसा आपण सांगतो. तो सांगण्याचा अधिकार अशानेच मिळेल.

लुंबिनीला जा, अनुराधपूरला जा, जमेल तेव्हा जपानपर्यंत जा. पण त्याआधी एका रविवारी मुलांना घेऊन पुणे-मिरज मार्गावरच्या मसूर स्थानकावर उतरा. शिदोरी न्या, पाण्याची बाटली न्या. फलाटावर बसून त्यांना १९०१ ची हकिकत सांगा. त्या चार मुलांना त्या रात्री जे मिळाले नाही, ते आपल्या दारी येणाऱ्या वाटसरूला मिळते की नाही, हेही त्यांना घरी परतल्यावर पाहू द्या.