प्रायोगिक विमानांचे चित्रपट सर्वांस खुले

कॅलिफोर्नियांतील मोहावी वाळवंटांत रॉजर्स नांवाचें एक विस्तीर्ण कोरडें सरोवर आहे. विमानविद्येंतील कित्येक धाडसी प्रयोग येथेंच झाले. १४ ऑक्टोबर १९४७ रोजीं चक येगर यांनीं ‘एक्स-१’ विमान ध्वनीच्या वेगापलीकडे नेलें, तें याच प्रदेशावर. पुढें १९५९ ते १९६८ या काळांत ‘एक्स-१५’ जातीच्या तीन विमानांनीं १९९ उड्डाणें केलीं. १९६७ सालीं त्यांतील एकानें ताशीं सुमारें ७,२७४ किलोमीटर वेग गांठला. त्याच वर्षीं दुसऱ्या एका उड्डाणांत मायकेल ॲडम्स हे वैमानिक प्राणांस मुकले.

अशा प्रयोगांचे चित्रपट घेतले जात. कारण जें डोळ्यांस निमिषमात्र दिसतें, तें पुनःपुन्हां सावकाश पाहून दोष शोधतां येतो. ‘नासा’ या अमेरिकन सरकारी संस्थेनें असे अनेक जुने चित्रपट इंटरनेटवर विनामूल्य ठेविले आहेत. तेथील मध्यवर्ती सरकारच्या नोकरांनीं सरकारी कामांत केलेल्या कृतींवर त्या देशांत स्वामित्वहक्क नसतो.

या संग्रहांत यशाबरोबर अपयशहि आहे, हें आम्हांस विशेष मोलाचें वाटतें. १ डिसेंबर १९८४ रोजीं माणसांच्या जागीं पुतळे बसविलेलें एक बोइंग ७२० विमान जमिनीवरून चालवून मुद्दाम आपटण्यांत आलें. इंधनांत मिसळलेल्या द्रव्यानें आग आवरेल, अशी आशा होती. परंतु चित्रपटांत अग्नीचा प्रचंड लोळ उठलेला दिसतो.

ज्या ज्ञानासाठीं प्राण वेंचले गेले, तें कपाटांत कुलुपबंद राहूं नये. आमच्या विद्यार्थ्यांनीं वडील मंडळींसह हे चित्रपट पाहावेत आणि प्रत्येक वेळीं विचारावें : येथें काय चुकलें, व तें कसें कळलें?