पांढुर्णा स्टेशनावरून एक लाख गाड्या

पंधरा कोटी! बेंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात मनाच्या आजारासाठी मदत हवी असलेल्या भारतीयांचा हा आकडा निघाला. डोक्यात मावत नाही ना? मग त्याला पांढुर्णा स्टेशनावर आणू. एका गाडीत दीड हजार माणसं बसवा. गाड्या लागतील एक लाख! दर दहा मिनिटांना एक सोडा, रात्रंदिवस, पोळा नाही की दिवाळी नाही. शेवटचा डबा नागपूरकडे निघायला जवळजवळ दोन वर्षं लागतील. बरं, गाड्या नकोत, मीटरमीटरवर एकेक जण उभा करा. मुंबई-पुणे अंतर हजार वेळा भरेल!

आणखी एक आकडा घ्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते, नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी कामाचे 1200 कोटी दिवस बुडतात. म्हणजे सव्वातीन कोटी वर्षं. एका वर्षात!

आता इलाजाचे आकडे पाहा, आणि ते किती लहान आहेत ते पाहा. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत मानसिक आरोग्याचा ‘विश्राम’ प्रकल्प चालला. नैराश्य असलेल्या शंभरांतले आधी जेमतेम 4 जण मदतीपर्यंत पोचत होते, दीड वर्षाने 27. सहापट! आत्महत्येचे विचार येणारे शंभरी 5.2 होते, ते 2.5 वर आले. पांढुर्णा-सौंसरमध्ये अडीच लाख प्रौढ धरा आणि आत्महत्येच्या विचारांतला हाच फरक लावा. पावणेसात हजार माणसं, आपल्या हिशोबाने साडेचार गाड्या भरून!

गोव्यात तर आजार जडायच्या आधीच त्याला अडवलं. तिथल्या संशोधकांनी पिट्सबर्ग विद्यापीठाच्या साथीने साठीपुढची 181 माणसं निवडली, मन खचू लागलेली पण अजून आजारी न पडलेली. त्यांच्याशी बोलायला मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. वर्षभरात नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्या 90 जणांपैकी 13 जणांना नैराश्याने गाठलं. समुपदेशन मिळालेल्या 91 पैकी किती? चार! फक्त चार!

पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला. अमरावतीने 30 गावांत जे केलं, ते संत्र्या-कापसाच्या या पट्ट्यातही व्हायला हवं. ग्रामसभेत हा विषय तुम्हीच काढा. आणि आज कुणाला गरज असेल तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फिरवा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठीतही बोलता येतं.