माईक कोणाच्या हातात?

दरवर्षी जूनमध्ये आमच्या मुलींच्या शाळेत आठवीच्या वर्गात नव्या मुली येतात. काही उर्दू शाळेतून सातवी झालेल्या असतात. मराठीत उत्तर द्यायला उठल्या की ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत हळू आवाजात बोलतात. कुणी ‘ते पुस्तक’ ऐवजी ‘ती पुस्तक’ म्हणते, कारण घरी बोलताना किताब स्त्रीलिंगी असते. आधीच्या वर्गात अशा चुकीवर मुले हसली आणि तेव्हापासून हात वर करणेच सोडले, असे कितीतरी मुली आम्हाला सांगतात.

दोन वर्षांनी याच मुली बदललेल्या दिसतात. त्यामागे जादू नाही. मुलींच्या शाळेत प्रत्येक काम मुलीलाच करावे लागते. परिपाठाला माईक मुलीच्या हातात, प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा पेटवणारी मुलगी, कबड्डीच्या संघाची कर्णधार मुलगी, स्नेहसंमेलनाचा हिशेब ठेवणारीही मुलगीच. ‘हे मुलगे करतील’ म्हणून मागे सरकायला तिथे जागाच नसते. चुकली तर मैत्रिणी हसतात, पण दुसऱ्या दिवशी त्यांचीही पाळी असते.

कोल्हापूरला ही वाट नवी नाही. शाहू महाराजांनी संस्थानातल्या मुलींच्या शाळांचा कारभार रखमाबाई केळवकरांवर सोपवला. त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली आणि आज आपण सीपीआर म्हणतो त्या दवाखान्यात तिने काम केले. आईने शाळा चालवली, मुलीने दवाखाना सांभाळला. हिंमत एका पिढीवर थांबली नाही. १९०६ मध्ये महाराजांनी मुस्लिम बोर्डिंगही उभे केले, पण ते मुलांसाठी होते. आपल्या मुली त्या वेळी मागे राहिल्या, हे मान्य करायला हवे. आज पद्माराजे, उषाराजे यांसारख्या मुलींच्या शाळा याच शहरात आहेत, आणि ‘मुलींची शाळा आहे ना, मग पाठवतो’ असे म्हणणारे अब्बा आम्ही पाहतो. कित्येक घरांत शिक्षणाचे दार याच एका वाक्याने उघडते.

तरीही शाळेच्या पाटीवर सगळे सोपवू नये. २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी २१ देशांतील १८४ अभ्यास एकत्र तपासले. घरची परिस्थिती वगैरे गोष्टी जमेस धरल्यावर वेगळ्या आणि एकत्र शाळांच्या निकालात फारसा फरक उरला नाही. म्हणजे नुसत्या वेगळ्या इमारतीने मुलगी धीट होत नाही. तिला रोज काम, जबाबदारी आणि चुकण्याची मुभा मिळाली पाहिजे. ज्या मुलींच्या शाळेत ‘गप्प बस’ हाच धडा असेल, तिथेही मुलगी गप्पच होईल.

आणि सहाला घरी आल्यावर काय? आमची एक विद्यार्थिनी शाळेत शंभरजणींसमोर भाषण करायची. दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची हे मात्र घरी तिच्याशिवाय ठरले. ती आम्हाला भेटायला आली तेव्हा म्हणाली, “मॅडम, तिथं माईक नव्हता.” आम्हाला काही बोलता आले नाही.

म्हणून अम्मी-अब्बांना आमची विनंती आहे. जेवताना मुलीला तिचे मत विचारा आणि ते पुरते ऐका. बँकेत पैसे भरायला, दाखल्यासाठी तहसील कचेरीत जायला तिला सोबत न्या. खिडकीपाशी तिलाच बोलू द्या. भावाला पाणी आणायला सांगाल तेव्हा एखाद्या दिवशी भावालाही तिला पाणी द्यायला सांगा. दहावीनंतरची चर्चा तिला समोर बसवून करा.

इल्म मिळवणे मुलाइतकेच मुलीवरही फर्ज आहे, हे आपण सगळे म्हणतो. शाळेत तिला मिळालेला आवाज घरातही टिकला, तरच तो जन्मभर तिचा राहील.