फुजिनागा, मोतोसाकू
(१९०३–७३). जपानी मत्स्यविज्ञ व आधुनिक कोळंबी-संवर्धनाचे प्रवर्तक. जुन्या लेखनात त्यांचे आडनाव ‘हूडिनागा’ असेही आढळते. पूर्वी आशियात भरतीच्या पाण्याबरोबर तळ्यांत शिरणारी कोळंबीची पिले अडवून वाढवीत; केरळातील पोक्कळी शेतांतही हीच रीत होती. त्यामुळे उत्पादन निसर्गावर अवलंबून राही. १९३० नंतरच्या दशकात फुजिनागांनी कुरुमा कोळंबीची (पीनिअस जॅपोनिकस) पक्व मादी टाकीत ठेवून अंडी मिळविली. अंड्यातून निघणारा नॉप्लिअस डिंभ स्वतःच्या पीतकावर जगतो. त्यापुढील झोइआ अवस्थेत मात्र बाहेरून अन्न न मिळाल्यास तो मरतो. स्केलेटोनेमा ही करंडक वनस्पती वाढवून ती या डिंभांस खाऊ घालण्याची युक्ती त्यांना साधली आणि ही मुख्य अडचण दूर झाली. कोळंबीचे प्रजनन, विकास व संगोपन यांवरील त्यांचा मूलभूत निबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि प्रयोगशाळेतील हे यश व्यवसायात उतरण्यास सु. दोन दशके लागली. १९६० नंतरच्या दशकात सेतो अंतर्देशीय समुद्राच्या परिसरात व्यापारी संवर्धन सुरू झाले. त्यांच्या हाताखाली काम केलेले ल्याव इ-ज्यू यांनी १९६८ मध्ये तैवानात वाघ्या कोळंबीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले व हे तंत्र उष्ण कटिबंधात पसरले. दाट संवर्धनाबरोबर रोगांचा धोकाही वाढला. १९९३ मध्ये जपानातील कुरुमा कोळंबीवर श्वेतबिंदू रोगाची साथ आली. तरीही आजच्या कोळंबी-बीजोत्पादन केंद्रांचा पाया फुजिनागांच्या पद्धतीवरच उभा आहे.