कोड चोख, पण गेम फसला!

मी बीटेक, नोकरी सॉफ्टवेअरची. पहिल्या गेमवर सहा महिने घातले. धाकट्या भावाने दोन मिनिटांत फोन परत दिला. "दादा, यात करायचं काय?" कोड चोख होता, डिझाइनच नव्हतं.

१९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स आठवा. सुरुवातीलाच समोरून शत्रू चालत येतो. उडी मारली नाही, तर मेलात. एकही सूचना न लिहिता नियम शिकवला. डिझाइन म्हणजे हेच.

म्हणून आधी कागदावर नियम मांडा, कुणाला तरी खेळायला द्या आणि गप्प बसून बघा. मग गोडो हे मोफत इंजिन शिका. मुलाखतीत नुसतं सर्टिफिकेट नको. पूर्ण केलेले छोटे गेम दाखवा, कुठे फसलं, काय बदललं तेही सांगा.

नोकरी मी अजून सोडलेली नाही. पण दुसरा गेम भावाने परत मागितला!